चार नगरसेवक आणि एक गल्ली : एका पावसाळी लाइनीचे प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका गल्लीचे आहे. गल्लीचे व सोसायट्यांचे नाव, प्रभागाचा क्रमांक मुद्दाम दिलेला नाही आणि माणसांची ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. मी तिथे राहत नाही. २०१९ पासून तिथल्या रहिवाशांच्या बैठकांना बसत आले, अर्ज लिहून देत आले, फाइली वाचत आले. तीनशे मीटरची पावसाळी लाइन, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा जमिनीखालचा पाइप, टाकायला सात-आठ वर्षे का लागली, याचे उत्तर शोधताना मी पाइप आणि चेंबरपासून निघाले आणि मतदान यंत्रापाशी पोहोचले.

पार्श्वभूमी

गल्लीच्या वरच्या टोकाला मोठा रस्ता, खालच्या टोकाला ओढा, मध्ये सगळा उतार. वरच्या अंगाला तीन जुन्या सोसायट्या, खाली ओढ्याच्या काठाने ऐंशीएक घरांची वस्ती. मोठ्या रस्त्यावरचे पाणी गल्लीतून उतरायचे आणि मोरीतून ओढ्याला मिळायचे. जुने रहिवासी सांगतात, की पूर्वी कडेने उघडे गटार होते आणि कितीही मोठी सर आली तरी पाणी तासाभरात ओसरायचे.

पुण्यात मतदाराने किती नगरसेवक निवडायचे, हे जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला बदलत आले आहे. २००२ मध्ये तिघांचा प्रभाग होता. २००७ मध्ये एक वॉर्ड, एक नगरसेवक. २०१२ मध्ये दोघांचा प्रभाग. २०१७ मध्ये चौघांचा : एकूण १६२ जागा, ४१ प्रभाग, त्यांतले ३९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. हा बदल महापालिका करत नाही आणि राज्य निवडणूक आयोगही करत नाही. महापालिका अधिनियमात दुरुस्ती करून राज्य सरकार तो करते. मुंबई महापालिकेचा कायदा निराळा आहे, तिथे २२७ वॉर्ड आणि प्रत्येकी एकच नगरसेवक.

चौघांच्या प्रभागात जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे, उमेदवार वेगळे, आणि मतदाराने चार मते दिल्याशिवाय त्याचे मतदान पूर्ण होत नाही. प्रत्येक जागी ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो. म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी ही पद्धत नव्हे. एकाच नकाशावर, एकाच दिवशी घेतलेल्या या चार वेगळ्या निवडणुका आहेत. लोकांना मात्र ती एकच निवडणूक वाटते, कारण पक्ष चौघांचे पॅनेल करतात आणि एकाच पत्रकावर चार फोटो छापतात.

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका हद्दीत ३१ लाखांवर लोक होते. त्याला ४१ ने भागले तर एका प्रभागात सरासरी ७५ हजारांहून जास्त माणसे येतात. आपल्या प्रभागात कोणकोणत्या सोसायट्या आणि वस्त्या येतात, हे आमच्या बैठकीतल्या कुणालाही धड सांगता आले नव्हते.

या प्रभागात अ जागा अनुसूचित जातीतील महिलेसाठी होती, ब नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी (ओबीसी), क सर्वसाधारण महिलेसाठी आणि ड सर्वसाधारण. ब, क आणि ड एका पक्षाकडे गेल्या, अ दुसऱ्या पक्षाकडे. पुढे मी चौघांना त्यांच्या अक्षरांनीच ओळखणार आहे.

प्रश्न

२०१७ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा सगळ्यांत खालच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले. वस्तीतल्या पहिल्या रांगेतल्या घरांत त्याआधीच्या वर्षापासून शिरत होते, पण ते वर कुणाला माहीत नव्हते. कारण साधे होते. गल्ली काँक्रीटची झाली, तेव्हा जुने गटार बुजले आणि रस्ता वीतभर वर आला. त्याखाली टाकलेला पाइप वरच्या पाण्यासाठी अपुरा होता. जोराचा पाऊस आला की पाणी पाइपात जाण्याऐवजी रस्त्यावरून धावे.

सोसायटीचे सचिव काका एका कारखान्यातून निवृत्त झालेले, कागद नीट ठेवणारे गृहस्थ. २०१८ मध्ये ते पत्र घेऊन ड यांच्या संपर्क कार्यालयात गेले. प्रभागात त्यांचाच शब्द चालतो, असे सगळे म्हणत.

“काका, तुमची गल्ली ताईंच्या भागात येते. त्यांच्याकडे पत्र द्या, मी बोलतो त्यांच्याशी.”

ताई म्हणजे क. त्यांच्या कार्यालयात उत्तर मिळाले, “लाइनीची मोठी कामं दादाच बघतात. त्यांचं पत्र लागेल.” दादा म्हणजे ड.

अ स्वतः भेटल्या, चहा दिला आणि सरळ बोलल्या : “काका, वस्तीतलं काम मी करते. पण पाणी येतंय वरून. वरच्या कामाला माझ्या यादीतले पैसे टाकले, तर वस्तीतल्या बायका मला विचारतील, आमचे पैसे सोसायटीवाल्यांना कशाला दिले म्हणून.”

ब प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला राहत. ते म्हणाले, “मी तिथे काम धरलं तर दादांना वाटेल, मी त्यांच्या भागात शिरतोय.”

या चार उत्तरांवर मी पुष्कळ विचार केला आहे. चौघांपैकी कुणी खोटे बोलत नव्हते. चौघांनी निवडून आल्यावर प्रभाग आपसात वाटून घेतला होता. ७५ हजार माणसांत काम करायचे तर वाटणी करावीच लागते. मात्र ही वाटणी कुठल्याही कागदावर नसते. कायद्याने चौघेही अख्ख्या प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. काम झाले की चौघांची नावे फलकावर येतात. काम अडले की प्रत्येकाकडे दुसऱ्याचे नाव तयार असते. आमची गल्ली दोन वाटण्यांच्या शिवेवर होती, म्हणून ती सोळा-सतरा महिने या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरली.

त्यात आणखी एक पेच होता. गल्लीत उतरणारे पाणी यायचे मोठ्या रस्त्यापलीकडून, आणि तो रस्ता प्रभागाची हद्द होता. हद्दी शक्यतो रस्ते, नाले, नदी, रेल्वेमार्ग अशा खुणांवरून आखतात, ते नकाशावर सोयीचे असते. पाणी मात्र त्या रेषा ओलांडून येते. पलीकडचे चार धरले तर या एका पाइपाशी आठ नगरसेवकांचा संबंध होता.

पहिला निर्णय : वेगळे लढायचे की एकत्र

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात जो पाऊस झाला, तो इथे कुणी विसरलेले नाही. आंबील ओढ्याच्या पुराने माणसे गेली, भिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. आमच्या गल्लीत सुदैवाने कुणी दगावले नाही, पण वस्तीतल्या पहिल्या रांगेत कमरेएवढे पाणी होते.

तोवर सोसायटी आणि वस्ती एकमेकांना दोष देत होती. सोसायटीवाले म्हणत, वस्तीतला कचरा चेंबरमध्ये जातो. वस्तीतले म्हणत, सोसायटीने भिंत वाढवली, म्हणून पाणी आमच्याकडे वळले. दोन्हीत थोडे तथ्य होते. पुरानंतरच्या रविवारी सोसायटीने तातडीची सभा बोलावली. सीमाभिंत आणखी दोन फूट वाढवायची आणि पंप बसवायचा, असा ठराव मांडायचे ठरले होते. खर्च वर्गणीतून भागला असता.

त्या सभेला वस्तीतल्या बचत गटाच्या ताई न बोलावता आल्या. (इथून पुढे ताई म्हणजे याच, क नव्हेत.) दारात उभ्या राहूनच त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही भिंत वाढवा, आमची काही ना नाही. फक्त ते पाणी मग कुठे जाणार, तेवढं सांगा.” सभेत बराच वेळ कुणी बोलले नाही. ठराव मांडला गेला नाही. त्याऐवजी पाच जणांची समिती झाली, तीन सोसायट्यांचे तीन आणि वस्तीतले दोन.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. वर सोसायटी ड आणि क यांना मानत होती, खाली वस्ती अ यांना. चौघांच्या प्रभागात प्रत्येक गटाला आपला एक नगरसेवक असतो आणि मग शेजारी शेजाऱ्याशी न बोलता आपापल्या माणसाकडे जातो. समिती झाली, तेव्हा ती सवय पहिल्यांदा मोडली.

समोरचे पर्याय

ऑक्टोबर २०१९ मध्ये समितीने चार वाटांचा विचार केला.

ड यांना धरून राहणे, ही सगळ्यांत सोपी वाट. त्यांचे वजन होते. पण त्यांच्यामागे गेलो तर अ अंग काढून घेतील, आणि गल्लीचा खालचा भाग त्यांच्याच वाटणीत होता.

कोर्टात जाणे. उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी, असे एका सोसायटीतल्या वकिलांनी सुचवले. तीनशे मीटरच्या लाइनीसाठी तो मार्ग फार लांबचा वाटला आणि वस्तीतल्या दोघांना कोर्ट या शब्दाचीच धास्ती होती. ओढ्याकाठच्या घरांचा प्रश्न तिथे निघाला, तर लाइन बाजूला राहून घरांवरच येईल, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. ती खोटी नव्हती.

नगरसेवकांना वगळून थेट प्रशासनाकडे जाणे. महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. नगरसेवक ठराव करतात, अंदाजपत्रकात तरतूद करतात. निविदा, कार्यादेश, देखरेख हे प्रशासनाचे काम. पण क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंता प्रामाणिकपणे म्हणाले, “माझं मत विचाराल तर लाइन बदललीच पाहिजे. पण तरतूद कुठल्या यादीतून? माननीयांचं पत्र आणा, मी लगेच पूर्वगणनपत्रक करतो.” माननीय म्हणजे नगरसेवक, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज. फिरून फिरून पुन्हा तिथेच.

शेवटचा पर्याय चौघांना एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसवायचे. तो निवडला.

काय केले

आधी कागद गोळा केले. माहिती अधिकारात अर्ज केला आणि सोमवारी दुपारी फाइली पाहण्याची तेव्हा जी सोय होती, तिचा उपयोग केला. सचिव काका आणि वस्तीतला एक कॉलेजला जाणारा मुलगा पाच सोमवार गेले. त्यांनी मागच्या काही वर्षांत गल्लीत आणि तिच्या आसपास झालेल्या कामांची यादी केली. काँक्रीट, पेव्हिंग ब्लॉक, बाके, नामफलक. ही कामे ‘स’ यादीतली, म्हणजे नगरसेवकांनी आपापल्या भागासाठी सुचवलेली. एकाच गल्लीचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या याद्यांमधून, वेगवेगळ्या वर्षी काँक्रीट झाले होते. तिन्ही तुकड्यांची उंची वेगळी होती.

ही यादी पाहिल्यावर मला जे समजले, ते त्याआधी कुठल्याही चर्चेत समजले नव्हते. वर काँक्रीट कशाला हवे होते? कारण काँक्रीट एका यादीत मावते, एका उन्हाळ्यात संपते आणि त्यावर एकाचे नाव लावता येते. पावसाळी लाइन जमिनीखाली जाते. ती एका वाटणीत सुरू होते आणि दुसऱ्या वाटणीत संपते. एकाच्या यादीत ती मावत नाही. चौघांनी आपापले पैसे एकत्र केले तरच ती होते, आणि श्रेय चौघांत वाटले तर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. कुणी वाईट वागण्याची गरजच नव्हती. प्रत्येकाने आपल्या सोयीचे, कायदेशीर आणि दिसणारे काम केले आणि गल्ली वीतभर वर आली.

जानेवारी २०२० मध्ये बैठक झाली. अ, क आणि ड आले. ब आले नाहीत, पण त्यांनी माणूस पाठवला. समितीने एकच कागद पुढे ठेवला : वरच्या टोकापासून मोरीपर्यंतच्या लाइनीचे तीन टप्पे आणि प्रत्येक टप्प्यापुढे नावाची मोकळी जागा. अ यांनी सगळ्यांत आधी खालच्या टप्प्यापुढे नाव लिहिले. क यांनी वरच्या टप्प्यापुढे. मधला टप्पा ड यांनी “आपण करू” म्हणून घेतला, नाव लिहिले नाही. आम्ही आग्रह धरला नाही. ती चूक झाली.

२०२०-२१ च्या अंदाजपत्रकात दोन टप्प्यांसाठी तरतूद झाली आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. कोविडच्या वर्षी भांडवली कामे मागे पडली आणि आमच्या गल्लीची तरतूद वर्गीकरणात, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवताना, दुसरीकडे गेली. याला कुणाला दोष द्यावा, असे मला वाटत नाही.

२०२१-२२ मध्ये वरचा आणि मधला टप्पा मंजूर झाला. खालचा राहिला, कारण अ यांचा निधी त्या वर्षी वस्तीतल्या स्वच्छतागृहावर गेला. ते कामही निकडीचे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये कार्यादेश निघाला, निवडणूक तोंडावर आहे असे सगळे धरून चालले होते, आणि मार्चच्या आत दोन टप्पे पूर्ण झाले.

इथे अभियांत्रिकीतली एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. पावसाळी लाइन खालून वर टाकतात. आधी पाणी बाहेर पडण्याची जागा, मग तिच्याकडे येणारा पाइप. आमच्याकडे वरचे दोन टप्पे मोठ्या पाइपाचे झाले आणि खाली जुना अरुंद पाइप तसाच राहिला. कनिष्ठ अभियंत्यांनी हे लेखी कळवले होते. समितीलाही ते माहीत होते. “निदान दोन टप्पे तरी पदरात पडतील, तिसरा नंतर बघू,” असे म्हणून समितीने होकार दिला. त्या मतदानात वस्तीतले दोघे विरोधात होते. तीन विरुद्ध दोन. जून २०२२ मध्ये सोसायटीचे पार्किंग कोरडे राहिले आणि वस्तीत पूर्वीपेक्षा लवकर, पूर्वीपेक्षा जास्त पाणी आले.

ताई त्या आठवड्यात माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे बरोबर होते.

प्रशासकाचा काळ

१४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. राज्यघटनेच्या २४३-यू कलमानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पण मागासवर्गीय आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता आणि प्रभागरचनाही बदलत होती. आधी तिघांचा प्रभाग ठरला, १७३ जागांची आखणी झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने पुन्हा २०१७ ची पद्धत आणली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. पावणेचार वर्षांहून अधिक काळ शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता.

या काळात गल्लीत एक विचित्र गोष्ट दिसत होती. चौकातले फलक तसेच होते, ‘मा. नगरसेवक’ लिहिलेले. ‘मा.’ म्हणजे माननीय की माजी, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. संपर्क कार्यालये उघडी होती, माणसे जात होती, कामे सांगत होती. पण ठराव करण्याचा, तरतूद करण्याचा, सभेत उभे राहून अधिकाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरला नव्हता.

खालच्या टप्प्यासाठी आता कुणाकडे जायचे, हा दुसरा मोठा निर्णय. समितीपुढे दोन दारे होती. एक प्रशासनाचे : क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, मग मुख्य खाते, मग प्रशासकांची मंजुरी. तिथे दीड वर्ष गेले. ज्यांनी गल्ली पाहिली होती, ते अभियंता बदलून गेले. नव्यांनी पुन्हा पाहणी केली, पुन्हा तेच लिहिले. दुसरे दार आमदारांचे.

आमदारांकडे जायला सचिव काकांचा विरोध होता. त्यांचे म्हणणे तत्त्वाचे होते : गटार हे महापालिकेचे काम, विधानसभेतल्या माणसाने कायदे करावेत; आज पाइपासाठी गेलो तर उद्या दिव्याच्या खांबासाठी जाऊ. मला ते पटत होते. ताईंना पटत नव्हते. “काका, तुमच्या घरात पाणी येत नाही आता. मला कोण सांगेल ‘हे काम माझं’, तेवढंच मी बघते. नगरसेवक चार होते, तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता एकही नाही. आमदार एकच आहे, त्याला ‘तो दुसरा बघतो’ असं म्हणता येणार नाही.”

विधानसभेचा मतदारसंघ एका प्रभागापेक्षा कितीतरी मोठा असतो. तरी जबाबदारी तिथे ठळक दिसली, कारण नाव एकच होते. आणि विधानसभा निवडणूक जवळ येत होती. २०२४ च्या उन्हाळ्यात समिती आमदारांना भेटली, त्यांनी स्थानिक विकास निधीतून खालचा टप्पा घेतला, आचारसंहिता लागण्याआधी भूमिपूजन झाले. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होते. काम प्रत्यक्षात त्यानंतर सुरू झाले आणि पावसाआधी संपले.

पण काकांचे म्हणणेही खोटे ठरले नाही. विधानसभेला मत देताना माणूस सरकार कुणाचे, मुख्यमंत्री कोण, महागाई, आरक्षण, सगळ्याचा विचार करतो. त्या एका मतात आमचा पाइप कुठे बसणार? आणि महापालिका तोवर अडीच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती का राहिली, प्रभाग चौघांचा का, याचा जाब त्या निवडणुकीत गल्लीतल्या कुणी राज्य सरकारला विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. शहराचा कारभार त्या काळात शेवटी राज्य सरकारच्या हातात होता. आमच्या गल्लीत लोकांचा राग मात्र माजी नगरसेवकांवर निघत होता.

निष्पत्ती

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. वस्तीतल्या पहिल्या रांगेत एकदाही पाणी शिरले नाही. सोसायटीचे पार्किंग कोरडे राहिले. एवढे नक्की साधले.

जे राहिले तेही सांगते. मोठ्या रस्त्यापलीकडचे पाणी अजून इकडेच येते. पलीकडच्या प्रभागात लाइन टाकण्याचा विषय तिथल्या लोकांसाठी निकडीचा नाही. त्यांच्याकडचे पाणी सुरळीत निघून जाते, आमच्याकडे. मोरीच्या तोंडाशी राडारोडा साचतो आणि ओढा भरून वाहू लागला की पाणी उलटे येण्याची धास्ती आहे. आमदार निधीतून झालेल्या टप्प्याची देखभाल कुणी करायची, यावर सहा महिने पत्रव्यवहार झाला. शेवटी क्षेत्रीय कार्यालयाने ती स्वीकारली.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पुण्यात १६५ जागा आणि ४१ प्रभाग होते : ४० चौघांचे, एक पाच जणांचा. समितीने कुणाला पाठिंबा दिला नाही. प्रचाराला आलेल्या प्रत्येक पॅनेलला एकच प्रश्न विचारला : “तुम्ही चौघे निवडून आलात, तर या लाइनीसाठी आणि मोरीसाठी आम्ही तुमच्यापैकी कुणाचं दार वाजवायचं?” एका पॅनेलने तिथल्या तिथे एकीचे नाव सांगितले, बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या आणि त्या बाईंनी कागदावर सही केली. दुसऱ्या पॅनेलमधले म्हणाले, “आम्ही चौघेही तुमचेच.” गल्लीतल्या लोकांनी मते कशी दिली, ते मला माहीत नाही आणि मी विचारलेही नाही. पण पुष्कळ जणांनी चार बटणे एकाच चिन्हावर न दाबता प्रत्येक जागेचा वेगळा विचार केला, असे त्यांनी आपणहून सांगितले.

वेगळे काय करता आले असते

मधल्या टप्प्यापुढे नाव लिहून घ्यायला हवे होते. ही बाब लहान दिसते, पण चौघांच्या प्रभागात लेखी नाव हीच एकमेव पकड असते. बैठक संपवण्याची घाई आम्हाला झाली होती.

वरून काम सुरू करायला होकार द्यायला नको होता. त्या तीन मतांत एक मत माझ्या सल्ल्यावरून पडले होते. निवडणुकीआधी जे मिळते ते घ्यावे, असे मी म्हणाले होते. खालचा टप्पा आधी, नाहीतर काहीच नको, असे समितीने ठामपणे सांगितले असते, तर कदाचित काम आणखी दोन वर्षे रखडले असते. पण वस्तीत पाणी वाढले नसते. आज मी तो उशीर पत्करला असता.

प्रभाग समितीचा उपयोग आम्ही जवळजवळ केलाच नाही. तिच्यात नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य घेण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि शेजारचे प्रभाग एका समितीत येत असल्याने पलीकडच्या चौघांनाही तिथे गाठता आले असते. क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आहे. आम्ही कार्यालयांचे उंबरे झिजवले आणि ज्या सभेत आठही जणांना एकदम विचारता आले असते, तिच्याकडे पाहिले नाही.

एक वॉर्ड, एक नगरसेवक असता तर हे झाले नसते, असे सचिव काका अजून म्हणतात. मीही बराच काळ तेच म्हणत होते. ताईंनी एकदा विचारले, “२००७ ला एकच होता ना? तो आमच्या वस्तीत किती वेळा आला, ते विचारा की.” आमची वस्ती तेव्हाच्या वॉर्डात लहान होती आणि तिच्या मतांशिवाय जिंकता येत होते. २०१७ मध्ये अ जागेमुळे वस्तीला ओळखणारी बाई सभागृहात गेली आणि स्वच्छतागृह झाले. शिवाय एकसदस्यीय वॉर्डात आरक्षणाची सोडत निघाली की बसलेल्या नगरसेवकाला पुढच्या वेळी त्याच वॉर्डातून उभे राहता येईलच असे नसते. ज्याला पुन्हा तुमच्याकडे मत मागायला यायचेच नाही, त्याला तुमच्या नाराजीचे काय? चौघांच्या प्रभागात चारांपैकी एखादी जागा त्याला उरते, तो परत येतो, आणि त्याला विचारता येते. तरीही मला कौल द्यायचा झाला, तर मी लहान वॉर्डाच्या बाजूने देईन, मात्र सोडत किमान दोन निवडणुकांसाठी कायम ठेवून. ताईंचा कौल वेगळा आहे आणि तिला कारण आहे.

मला सगळ्यांत जास्त खटकते ती पद्धतीची अस्थिरता. तीन, एक, दोन, चार. मध्ये तीनची आखणी, पुन्हा चार. २००२ पासून २०१७ पर्यंत या गल्लीने एकदाही त्याच हद्दीत, त्याच संख्येने दोनदा मत दिले नाही. मागच्या वेळी ज्यांना निवडले, त्यांच्या कामाचा हिशेब पुढच्या वेळी करायचा, तर मैदान तरी तेच हवे. ते बदलण्याचा अधिकार ज्या सरकारकडे आहे, त्याला या गल्लीत मते मागायला याच कारणासाठी कधी यावे लागत नाही.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आता एक तक्ता लावला आहे, त्याची प्रत वस्तीतल्या समाजमंदिरातही आहे. कामे डाव्या बाजूला, नावे उजव्या बाजूला. लाइनीची देखभाल, चेंबरची झाकणे, दिवे, मोरीचे तोंड. पहिल्या तिन्हींपुढे नावे आणि सह्या आहेत. मोरीच्या तोंडापुढची जागा मोकळी आहे. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी ताई आणि सचिव काका तो तक्ता घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जाणार आहेत, आणि या वेळी पलीकडच्या प्रभागातल्या चौघांनाही पत्र गेले आहे.